सामान्य वापरातली झीज

३१ जुलै २०२५, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या सिद्धीने आज घर सोडत असल्याचं कळवलं. कळवलं म्हणजे काय, मोबाईलवर चार ओळी आणि खाली जोडलेले हात. मी उलट कळवलं, करारात 'लेखी' म्हटलंय, कागद आण. पाच मिनिटांत एक पान घेऊन खाली आली. केस विस्कटलेले, हाताला मलमाचा वास. एकतीस ऑगस्टला घर रिकामं करणार. बरोब्बर एक महिना. पोरगी नियमाला चोख आहे, हे मान्य करायला हवं.

अडीच वर्षांपूर्वी नागपूरहून बेंगळुरात आली तेव्हा बाकीच्यांना डावलून तिला घर दिलं होतं. बनशंकरीत घर बघायला रोज दहा जण येतात. म्हटलं आपलं मराठी माणूस, सोबत वडील आहेत, घरात वळण राहील. विश्वासराव तेव्हा धडधाकट. हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. संध्याकाळी माझ्याबरोबर पार्कला फेऱ्या मारायचे आणि माझं बोलणं मधे न तोडता ऐकायचे. असा माणूस दुर्मिळ. गेल्या डिसेंबरात झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून चाकाची खुर्ची. आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर चार माणसं लागतात.

"जे. पी. नगरला तळमजला मिळाला काका," ती म्हणाली. "दार रुंद आहे, पुढे अंगण आहे. बाबांनी आठ महिने झाले, आभाळ नाही पाहिलं. हे घर मिळालं तर मी त्यांना रोज सकाळी बाहेर बसवीन." मग म्हणते, "मालकीण पद्मावतीअम्मा खूप चांगल्या आहेत. पेंटिंगचे पैसे कापणार नाही म्हणून त्यांनी स्वतःहून सांगितलं."

हे मला ऐकवायची काय गरज होती? बेंगळुरात घर सोडताना एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापायचं, हा इथला रिवाज आहे. मी काढलेला नाही. माझ्या वडिलांनीही तो पाळला.

१० ऑगस्ट, रविवार

करार काढून वाचला. कलम अकरा : 'सामान्य वापरातली झीज वगळता घर होतं त्या स्थितीत परत करावं.' सगळी गोम त्या 'सामान्य' शब्दात आहे. लोकांना वाटतं झीज म्हणजे झीज. आम्ही कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढली. मालाच्या मापात किती सूट द्यायची ते नकाशावर लिहिलेलं असतं. त्यापलीकडे केसभर गेला तरी माल परत. कारागीर रडला तरी परत. एकदा एकाने बायकोच्या आजारपणाचं सांगितलं होतं. मी म्हटलं, बायको नकाशावर दाखव.

नयनाला हे सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, ती पोर बापाचं हगणंमुतणं करतेय. तिचं काय कापता?" आमच्या बायकोला कायदा आणि कणव यातला फरक चव्वेचाळीस वर्षांत शिकवता आला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज वरच्या घराची तपासणी. मोठा टॉर्च, टेप, वही आणि कागदी चिकटपट्टी घेऊन गेलो. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरायचा, म्हणजे साधा डोळा जे पाहत नाही ते सगळं दिसतं. मोझेकवर चाकांचे माग असे उमटलेले की हॉलमधून बेडरूमपर्यंतचा रस्ता नकाशासारखा दिसत होता. जिथे दोष तिथे चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर नंबर. त्रेचाळीस निघाले.

बाथरूम पाहून तर मी हादरलोच. आधाराचे स्टीलचे दांडे बसवायला बाईसाहेबांनी भिंतीच्या सात टाइल्स भोकं पाडून वाया घालवल्या. मला विचारलं होतं का, तर म्हणे विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात. म्हणालो असेन. डिसेंबरातली गोष्ट, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात म्हटलेलं काय धरायचं? लेखी नाही.

विश्वासराव पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. डोकं टेकतं तिथे तेलाचा तळहाताएवढा डाग. एकोणतीस नंबर त्यांच्या कानाशेजारी लावावा लागला. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांना आता एकच शब्द येतो, 'बरं'. मी रीतसर विचारलं, "मास्तर, हा डाग तुमचाच ना?" म्हणाले, "बरं." मी वहीत लिहिलं : कबूल. मग डावा हात उचलून त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेनात. बरंच बळ आहे अजून त्या हातात. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण झटक्यानंतर तसं येतंच म्हणतात. मी सावकाश बोटं सोडवली. टॉर्चची काच त्यांच्या हाताने पुसट झाली, ती घरी येऊन पुसली.

१८ ऑगस्ट, सोमवार

यादी दिली. दोन लाख चाळीस हजार डिपॉझिटमधून अठ्ठ्याहत्तर हजार वजा. रंग, मोझेकला पॉलिश, बाथरूमची अख्खी भिंत (त्या टाइल्स आता मिळत नाहीत, म्हणून सगळ्याच बदलायच्या), दोन चौकटी, तेलाच्या डागाला वेगळा प्राइमर, साफसफाई. सगळं टाइप करून, पानांना नंबर घालून.

सिद्धीने उभ्याउभ्या वाचलं. "काका, रंगाचे घ्या, ते मी धरूनच चालले होते. पण हे बाकीचं वापरातलंच आहे ना?"

म्हटलं, "सामान्य वापरातलं. दहा घरं सांग ज्यांत चाकाची खुर्ची फिरते."

"म्हणजे बाबा काय हौसेनं बसले का खुर्चीत?"

आवाज चढवला. माझ्याच दारात. मग तिने कायद्याचं काहीबाही सांगितलं, इंटरनेटवर वाचलेलं. मी म्हटलं, "जा की कोर्टात. निकाल लागेपर्यंत दोघंही म्हातारे होऊ, मी तर होऊन बसलोय." तिला पद्मावतीअम्मांकडे एकतीसला दोन लाख भरायचेत. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही. 'कपात मान्य, तक्रार नाही' यावर सही केली आणि पेन टेबलावर न ठेवता हातात घेऊनच वर गेली. मग तिच्या लक्षात आलं असावं. दहा मिनिटांनी पेन पायरीवर ठेवलेलं सापडलं.

हिशेब बरोबर आहे. पुन्हा तीनदा पाहिला. झोप मात्र दुपारी लागली नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सिद्धीने स्कूटर विकली. कमी पडणारे अडतीस हजार उभे केले म्हणे. नयनाने ही बातमी मला जेवताना अशी ऐकवली, जणू स्कूटर मी विकायला लावली. मी म्हटलं, बघ, मार्ग निघतो. माणसाला थोडा ताण दिला की माणूस हातपाय हलवतो. नयना ताट उचलून आत गेली.

वरच्या घराला नवं गिऱ्हाईकही मिळालं. हेब्बाळला नोकरी करणारं तरुण जोडपं, चौतीस हजार द्यायला तयार. सिद्धी चोवीस द्यायची. पाच सप्टेंबरला दूध उतू घालून राहायला येणार, कारण आठपासून पितृपक्ष, मग पंधरा दिवस कोणी नव्या घरात पाऊल टाकत नाही. टोकन घेतलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी अकराला पद्मावतीअम्मांचा फोन. इथली पद्धतच आहे, नवा मालक जुन्या मालकाला विचारतो. बाई कन्नडच बोलणाऱ्या, आवाज मऊ. "हेगिद्दारे, सार?" म्हणजे कसे आहेत लोक?

मी जन्मात खोटं सर्टिफिकेट दिलेलं नाही. सांगितलं, मुलगी भाडं वेळेवर देते, एक तारीख चुकवली नाही. हे आधी सांगितलं, याची नोंद असावी. मग बाकीचं. जमिनीवरचे ओरखडे, टाइल्स, वास. जाताना वाद घातला हेही. बाई म्हणाल्या, "वय झालेलं आहे, पाप, म्हणजे बिचारे, आजारी आहेत, तेवढं चालायचं." तेव्हा मी म्हटलं, "अम्मा, स्वल्प विचार करा. त्यांचे आता फार दिवस राहिलेत असं मला वाटत नाही. तुमच्या घरात काही बरंवाईट झालं तर पुढे ते घर कोण घेणार? शांत करावी लागते, सहा महिने कुलूप लागतं."

बाईंनी मग "सरी सार, सरी" म्हणून फोन ठेवला.

डॉक्टरने तसं काही म्हटलेलं नाही, हे खरं. पण मी अंदाजाने म्हटलं, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. नयना देवळात गेली होती. तिला सांगितलेलं नाही. उगीच कांगावा करेल.

२६ ऑगस्ट, मंगळवार

जे. पी. नगरचं घर गेलं. पद्मावतीअम्मांनी टोकन परत केलं, म्हणाल्या मुलगा अमेरिकेहून परत येतोय, घर त्याला हवंय. सिद्धी खाली आली तेव्हा नयना उद्याच्या गणपतीचं सारण भाजत होती. पोरगी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी हॉलमधून ऐकत होतो. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. दगड नाही मी.

मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "काका, पंधरा दिवस द्या. भाडं दुप्पट घ्या. सहा घरं पाहिली. खुर्ची पाहिली की लोक घर दिलं गेलं म्हणून सांगतात."

"अगं, पाचला ते लोक दूध उतू घालणार. पितृपक्षाच्या आधी त्यांना यायलाच हवं. त्यांना शब्द दिलाय."

"मग बाबांना मी कुठे नेऊ?"

"नागपूरला भाऊ आहे ना?"

"दादाने फोन उचलणं बंद केलंय," ती म्हणाली.

हा माझा प्रश्न आहे का? तरी तीन सप्टेंबरपर्यंत मुदत दिली, आणि त्या तीन दिवसांचं भाडं घेणार नाही म्हटलं. नयना दारात उभी होती. तिच्यासमोरच म्हटलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. नयनाने पहिलं नैवेद्याचं ताट वर नेलं, देवाचं झाल्याबरोबर, मला वाढायच्या आधी. एक तास खाली आली नाही. वरणभात गार झाला.

३१ ऑगस्ट, रविवार

शेवटी एक केंद्र मिळालं, शहराबाहेर, होसूरच्या बाजूला. अशा माणसांना ठेवून घेतात. एका खोलीत सहा खाटा. सिद्धी तिथे राहू शकत नाही, फक्त रविवारी चार ते सहा भेट. ती स्वतः ऑफिसजवळ मुलींच्या पीजीत जाणार. केंद्रालाही डिपॉझिट लागतं, दीड लाख. मी दिलेल्या चेकमधून तेवढं भागलं. म्हणजे माझ्याकडून मिळालेल्या रकमेत काम झालं की नाही? उगाच दोन लाखांचा धोशा लावला होता.

नयनाला हे बोलून दाखवलं.  "तुम्ही असं बोलता तेव्हा मला तुमची भीती वाटते," म्हणाली. घ्या! चव्वेचाळीस वर्षांत मी तिच्यावर हात उगारला नाही, आणि भीती म्हणे.

३ सप्टेंबर, बुधवार

विश्वासरावांना सकाळी नेलं. ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी खुर्चीसकट उचललं, मागे सिद्धी, पुढे मी, वळणावर सांभाळून म्हणून सांगायला. दहाव्या पायरीवर त्यांना कळलं असावं की खाली नेताहेत. चेहरा असा उजळला! बाहेर गेटाशी आल्यावर मान वर करून आभाळाकडे पाहायला लागले. ढगच होते नुसते. सिद्धीने तोंड फिरवलं. तिने त्यांना अंगणवाल्या घराचं सांगून ठेवलं होतं, आणि ते रद्द झाल्याचं सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं. त्यांना वाटलं तिथेच चाललोय.

माझ्याकडे पाहून डावा हात कपाळाला लावला. "बरं," म्हणाले. "बरं, बरं." मीही नमस्कार केला. रुमाल काढून नाक पुसलं, ढग आले की मला दम्याचा त्रास होतो.

गाडी गेल्यावर जिना पाहिला. उतरवताना खुर्ची वळणावर भिंतीला घासलीय, वीतभर पोपडा निघालाय. आणि हिशेब तर पूर्ण झालेला, सही झालेली. आता हे कोणाकडून घ्यायचं? वही मिटवायची घाई केली की असं होतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नवं जोडपं आलं. दूध छान उतू गेलं. बाथरूमची भोकं गवंड्याने पांढऱ्या सिमेंटने बुजवली, तीनशे रुपये घेतले. भिंत बदलायचं पुढे बघू, तूर्त बरी दिसते. रंग फक्त हॉलला दिला. पॉलिशवाला म्हणाला, सार, ओरखडे वरवरचे आहेत, ओल्या फडक्याने आणि जरा मेणाने जातील. गेले.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावस्या. वडिलांचं पान वाढून झालं होतं, गच्चीवर कावळ्याची वाट पाहत होतो. खाली बेल वाजली. सिद्धी. वाळली आहे. दारातच सांगितलं की बाबा शुक्रवारी गेले. पहाटे केव्हातरी. केंद्राने तिला साडेनऊला कळवलं, कारण तिथल्या ऑफिसचं काउंटर नऊला उघडतं.

नयनाने तिला हाताला धरून आत घेतलं.

सिद्धी म्हणाली, "आधार कार्डावर पत्ता इथलाच आहे. मृत्यूच्या दाखल्यासाठी तुमची सही लागेल." मी लगेच केली. शिक्काही मारला. त्याचे काही घेतले नाहीत, आणि तसं बोलूनही दाखवलं नाही.

कागद घडी करता करता तिने विचारलं, "काका, पद्मावतीअम्मांना तुम्ही काय सांगितलं होतं?" ती काल त्यांच्याकडे गेली होती. का गेली, देव जाणे. म्हणे नुसतं ते अंगण बघायला. त्या बाईला रडू आलं आणि सगळं बोलून गेली.

मी लपवाछपवी करणारा माणूस नाही. कपाटातून ही वही काढली आणि चोवीस ऑगस्टची नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली. भाडं वेळेवर देते हे आधी सांगितल्याचंही वाचलं. डॉक्टरचं वाक्य वाचताना जरा अडखळलो, पण वाचलं. अंदाज खरा ठरला, हे मनात आलं. बोललो नाही.

सिद्धीने पूर्ण ऐकलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तिथे गेल्यापासून ते जेवलेच नाहीत, काका. पहिल्या रविवारी मी गेले तर दाराकडे बोट दाखवून राहिले होते. त्यांना वाटायचं मी त्यांना चुकीच्या घरी सोडलं." मग नयनाच्या पाया पडली. माझ्या नाही.

ती गेल्यावर नयनाने विचारलं, "हा फोन तुम्ही माझ्यापासून लपवलात?"

म्हटलं, "लपवला नाही. सांगितला नाही."

"चांगले लोक आहेत, एवढं म्हणायला तुमचं काय जात होतं?"

  मी म्हटलं, कावळा शिवला का बघ.

२२ सप्टेंबर, सोमवार

नयना सकाळच्या गाडीने धारवाडला गेली, बहिणीकडे, प्रमोदिनीकडे. किती दिवस विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही." मी म्हटलं, "चिडून जाऊ नकोस." ती म्हणाली, "चिडले नाहीये हो. मी अंथरुणाला खिळले तर तुम्ही माझ्याकडे टॉर्च घेऊन बघाल, हे मला काल कळलं. इथे आता माझ्याच्याने राहवणार नाही." रिक्षा बोलावलेली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

प्रमोदिनीला दोनदा फोन केला. पोचली म्हणाली, झोपलीय म्हणाली. दुसऱ्यांदाही झोपलीय म्हणाली. चहा करायला गेलो तर साखरेचा डबा कुठला ते माहीत नाही. सगळे डबे उघडून पाहिले. मला राग आला आहे, आणि खरं लिहायचं तर भीतीही वाटते आहे. घरात कोणी नाही म्हणजे किती नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

मग बसवेना, म्हणून उठलो आणि खोल्या पाहून घेतल्या. तिने फक्त दोन साड्या, औषधांची पिशवी आणि चष्मा नेला. बाकी सगळं जागच्या जागी आहे. कपाट, पलंग, भिंती, जमीन, सगळीकडे टॉर्च आडवा धरून पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांत तिने कुठे एक ओरखडासुद्धा पाडलेला नाही.